हवेचा स्क्रू

हँडल उलटं फिरलं तेव्हा धनाजीचा हात त्यातच अडकलेला होता. वीस वर्षं तो रोज सकाळी लाँचचं इंजिन हँडल मारून चालू करत आला होता. हँडल धरताना अंगठा आडवा घ्यायचा नाही, हे धक्क्यावरच्या प्रत्येकाला त्यानंच शिकवलेलं. त्या दिवशी इंजिन दोनदा फुरफुरून बंद पडलं. तिसऱ्या वेळी तो चिडला, अंगठा आडवा गेला, आणि मनगटाच्या वर काहीतरी वाळल्या फाट्यासारखं मोडलं. तो आवाज त्याच्याआधी त्याच्या बायकोनं, बजाबाईनं ऐकला. ती काठावर दोरी सोडत उभी होती.

करमाळ्याच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले.

मे महिना होता. उजनीचं पाणी रोज हातभर मागं सरकत होतं. पाण्याखालची जुनी शेतं उघडी पडून त्यांच्या भेगाळ चिखलातून माणसं लाँचपर्यंत चालत येत. लग्नसराई होती. पलीकडं इंदापूरच्या बाजूला जायला रस्त्यानं अर्धा दिवस मोडायचा, लाँचनं अर्धा तास. ऐन हंगामात लाँच बांधून ठेवली असती, तर माणसं दुसऱ्यांच्या लाँचची सवय करून बसली असती.

"सुकाणू मी डाव्या हातानं धरीन," धनाजी म्हणाला. "हँडल तेवढं तुला मारावं लागंल."

"जमंल का मला?"

"जमवावं लागंल. मी सांगतो तसं कर की."

त्यानं सांगितलं तसं तिनं केलं. इंजिनाचा दाब सोडायचा वरचा खटका डाव्या हातानं उचलून धरला, उजव्या हातानं हँडल फिरवत जड चाकाला गती दिली आणि खटका सोडला. पहिल्या दिवशी इंजिन सातव्या वेळी लागलं. तिचा खांदा सुजला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच वेळी लागलं. धनाजीला बरं वाटलं, तेव्हा खरंच बरं वाटलं.

पण इंजिन मधेच दम तोडायचं ते काही थांबेना. भर पाण्यात आवाज बारीक व्हायचा, धूर काळा यायचा, आणि सगळे प्रवासी केशरी जाकिटांच्या बंदांशी चाळे करत एकमेकांकडं बघायचे.

"फिल्टर तुंबतोय," धनाजी म्हणाला. "काढ आणि डिझेलनं धुऊन परत घाल."

तिनं डबा उघडला. आतला कागदाचा गुंडा काळा मिट्ट झाला होता. तिनं तो डिझेलच्या भांड्यात खळबळला तर एका घडीतून बोट आरपार गेलं.

"अवं, ह्यो फाटलाय."

"कडंला फाटलाय. चालतंय."

"फाटक्या चाळणीनं पीठ चाळायचं मग कशाला?"

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या निमित्तानं दोघं जेऊरला गेले. स्टेशनबाहेर हारूनचं दुकान होतं. डिझेल इंजिनाच्या कामात त्या भागात त्याच्याइतका जाणता दुसरा नव्हता. धनाजीच्या वयाचाच, हसरा, पायजम्याला कायम हात पुसणारा माणूस. त्यानं जुना फिल्टर हातात घेतला, घड्या फाकवल्या आणि आतला हिरवट काळा चिकटा बोटावर घेऊन बजाबाईला दाखवला.

"बघा वैनी. डिझेलात पाणी उतरलं की ह्ये आसं शेवाळ धरतंय. टाकी अर्धी ठिवता का रात्रीची?"

"अर्धीच आसती," ती म्हणाली.

"रिकाम्या जागंत वाफ धरती, तिचं पाणी हुतंय. संध्याकाळी टाकी भरून ठिवायची. आन ह्यो कागद धुवायचा नसतोय. धुतला की मेला."

त्यानं फळीवरून दोन फिल्टर काढले. दोन्हींचा रंग एक, छाप एक. "ह्यातला एक बनावट हाय. वळखा," तो म्हणाला आणि सवयीनं धनाजीकडं बघितलं.

धनाजीनं दोन्ही डाव्या हातानं तोलून बघितले आणि जड होता तो उचलला. "ह्यो खरा."

बजाबाईनं दुसरा घेतला. तिनं घड्यांवरून अंगठा फिरवला, दोन्ही टोकांना कागद चिकटवलाय तिथं नख लावून पाहिलं, रबराची चकती दाबून सोडली. मग धनाजीच्या हातातला घेऊन तसंच केलं.

"ह्याच्यात घड्या कमी हायत्या," ती म्हणाली. "आन हितं डिंक सुटलाय. पत्रा जाड लावलाय म्हणून जड हाय."

हारून मोठ्यानं हसला. "वा वैनी! आता सांगा, लाँचला दोन फिल्टर असत्यात. काचंची वाटी असलेला पयला, पंपाच्या अलीकडं. दुसरा पंपाच्या पलीकडं. कुटं कसला घालाल?"

तिनं जरा विचार केला. "आधी रव्याची चाळणी, मग मैद्याची. आधीच मैद्याची लावली तर तुंबंल की."

"ह्येच मी वीस वर्सं धनाजीभाऊला सांगतोय!" हारून म्हणाला. "ते दोन्हीकडं बारीकच घालत्यात, आन म्हणत्यात इंजिनाला घोट मिळत न्हाय."

तो सहज बोलला. बजाबाईही सहज हसली. धनाजीचं प्लॅस्टरमधलं मनगट एकदम खाजायला लागलं आणि तिथं बोट पोचत नव्हतं.

नवे फिल्टर बसले. ते हारूननं फोनवरून सांगितलं आणि बजाबाईनं बसवले. पहिल्या फिल्टरच्या माथ्यावर एक लहान स्क्रू होता, हवेचा. तो दहाच्या पान्यानं सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नितळ डिझेलची धार. धार नितळ झाली की स्क्रू आवळायचा. तो राहिला सैल तर पंप डिझेलऐवजी हवा ओढतो आणि इंजिन मरतं. हे धनाजीला माहीत होतं. तो सांगायला तोंड उघडेपर्यंत तिनं आवळून वर फडकं फिरवलंही.

त्यानंतर इंजिन एकदाही थांबलं नाही. रोज सकाळी ती काचेच्या वाटीखालची तोटी उघडायची, तळाला बसलेलं पाणी डब्यात सोडायची, डब्याकडं डोळे बारीक करून बघायची. पाणी कमी आलं की खूश व्हायची. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागं तिनं इंजिनाचे तास लिहायला सुरुवात केली. हारूननं सांगितलं होतं की अडीचशे तासांनी बदलायचे, आणि डिझेल खराब असलं तर त्याच्याही आधी.

धक्क्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारच्या लाँचचा मायाप्पा एका दुपारी आला. धनाजी लिंबाखाली बसला होता. मायाप्पा त्याच्यापुढून गेला आणि बजाबाईपाशी थांबला.

"वैनी, जरा माझी वाटी बगता का? बुडबुडं येत्यात."

"मला इचार की," धनाजी म्हणाला.

"तुमचा हात मोडलाय न्हवं का," मायाप्पा म्हणाला आणि तिच्याबरोबर चालू पडला.

तोंड मोडलं नव्हतं, डोळे मोडले नव्हते. धनाजी बसल्या जागेवरून बघत राहिला. ती मायाप्पाच्या लाँचवर वाकली, पदर कमरेला खोचला, पाना मागितला. दोन-तीन जण तिच्याभोवती उभे राहिले. इंजिन लागलं तेव्हा त्यांच्यातल्या एकानं टाळी वाजवली.

घरी तीच त्याच्या सदऱ्याची बटणं लावायची. अंघोळीच्या वेळी प्लॅस्टरला पिशवी बांधून पाठीवर पाणी घालायची. भाकरी कुस्करून द्यायची. तिच्या बोटांना आता साबणानंही न जाणारा डिझेलचा वास होता. वीस वर्षं तो वास त्याच्या हाताला होता, आणि ती नाक मुरडायची. आता त्याचे हात खोबरेलाच्या वासाचे झाले होते, बाळंतिणीसारखे.

एके संध्याकाळी ती चुलीपुढं बसून फोनवर बोलत होती. "व्हय, व्हय… पाणी चमचाभरच आलं आज… न्हाय, धार नितळ हाय." मग ती हसली. हसू लांबलं.

"कोण?"

"हारूनभाऊ. ते म्हणत्यात, जेऊरला दुकान काढा, माझं गिऱ्हाईक तोडाल."

"रोज फोन करायला त्याला काम न्हाय?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मीच केलता," ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती, लपवत नव्हती, हेच त्याला सोसेना. तिनं काही लपवलं असतं तर ओरडता आलं असतं. हारूनबद्दल त्याच्या मनात वाईट काही आलं नाही असं नाही. पण आलं तेही टिकलं नाही. त्याला डाचत होतं ते दुसरंच. इंजिनाबद्दल बोलताना तिच्या तोंडावर जो उजेड यायचा, तो वीस वर्षांत त्याच्याशी बोलताना कधी आला नव्हता. आणि इंजिन त्याचं होतं.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, लाँच भरत होती. सोळा माणसं, दोन मोटारसायकली. गोजरबाई नावाची म्हातारी सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या फळीवर बसली होती. तिची धाकटी पोर पलीकडच्या गावात दवाखान्यात अडली होती. रात्रीपासून कळा येत होत्या. बजाबाई इंजिनाचं सगळं करून, फडकं खुंटीला अडकवून, गोजरबाईचं जाकीट बांधायला पुढं गेली.

धनाजी इंजिनाशी एकटा होता. दहाचा पाना झाकणावर पडला होता.

त्यानं फार विचार केला नाही. नंतर त्याला वाटायचं की खूप दिवस केला असणार. त्यानं प्लॅस्टर फिल्टरच्या डब्याला टेकवलं, डाव्या हातानं पाना स्क्रूवर बसवला आणि फिरवला. डावा हात कच्चा; एका पिळाऐवजी अर्धाच पीळ गेला. चार थेंब प्लॅस्टरवर उडाले. त्यानं पाना होता तिथं ठेवला आणि सुकाणूपाशी जाऊन बसला.

काठापासून पन्नास हातांवर इंजिन बंद पडेल, असा त्याचा हिशेब होता. ती गडबडेल. इकडं बघेल, तिकडं बघेल. मग तो सुकाणूवरून न उठता म्हणेल, "वरचा स्क्रू आवळ." एवढंच. सगळे ऐकतील.

पण इंजिन पन्नास हातांवर बंद पडलं नाही. शंभरावर नाही. ते चालतच राहिलं आणि धनाजीला वाटलं, ह्याला सुद्धा तिचीच माया लागली. धरणाच्या मधोमध, दोन्ही काठ सारख्याच लांब असताना, आवाज दोनदा अडखळला आणि थांबला.

एकदम वाऱ्याचा आवाज ऐकू आला. इंजिन चालू असताना तो आहे हे कळत नव्हतं. पश्चिमेकडून पाणी काळं होत येत होतं.

बजाबाई खाली बसली. तिनं वाटी बघितली, नितळ होती. तोटी बघितली, बंद होती. टाकीत पट्टी घालून बघितली, भरलेली. ती नळीवरून बोट फिरवत निघाली, टाकीपासून, एकेक जोड हाताखालून घालत. गडबडली नाही. धनाजी वाट बघत होता. आता म्हणावं, असं त्याला वाटलं. आणि वाटलं, अजून जरा.

पहिल्या लाटेनं लाँच आडवी केली. सुकाणूला पाण्याचा जोर लागेना. एका हातानं त्यानं ते कवटाळून धरलं. दुसऱ्या लाटेनं मोटारसायकल कलंडली आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या पायावर पडली. तो ओरडला. सगळे एका बाजूला झाले, तशी ती बाजू खाली गेली आणि पाणी आत आलं.

"बसा! हलू नगा!" बजाबाई ओरडली.

"वरचा स्क्रू!" धनाजी किंचाळला. "बजे, वरचा स्क्रू बघ!"

तिचं बोट आधीच स्क्रूवर होतं. ती त्याच्याकडं बघत होती. त्याच्या तोंडाकडं नाही, प्लॅस्टरकडं. पांढऱ्या प्लॅस्टरवर डिझेलचे चार ओले डाग होते.

तिनं पाना घेतला. हातपंप दाबला, फेस आला, बुडबुडे आले, धार आली. स्क्रू आवळला. खटका उचलून तिनं हँडल असं मारलं की तिच्या मानेच्या शिरा तट्ट उभ्या राहिल्या. इंजिन पहिल्या वेळी लागलं.

पाय दुखावलेला माणूस विव्हळत होता, वारा तोंडावर होता, म्हणून लाँच मागं फिरवली. गोजरबाई तेवढी पलीकडच्या काठाकडं मान वळवून बसली होती.

धक्क्यावर माणसं जमली. हिंदुराव आबा सगळ्यात जुने लाँचवाले. कुणाची फेरी कधी, भांडण कुणाचं, ते तेच मिटवायचे. त्यांनी जखमी माणसाला जीपमध्ये घालून करमाळ्याला लावून दिलं आणि मग लाँचपाशी आले.

"काय झालं?"

"एअर धरली," उतरलेल्या माणसांकडून ऐकून मायाप्पा म्हणाला. "वरचा स्क्रू सैल हुता."

"सकाळी कुणी आवळला हुता?"

"मी," बजाबाई म्हणाली.

"मग सैल कसा ऱ्हायला?"

ती ओल्या लुगड्याचा पदर पिळत होती.

"बाई, राग मानू नगंस," आबा म्हणाले. "पर सोळा जीव हुते. आजपसनं तू इंजिनाला हात लावायचा न्हाय. धनाजी बरा हुईस्तवर लाँच बांधून ठिवा."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. मायाप्पानं हलवली नाही, पण तो खाली बघत राहिला.

धनाजीला हवं ते सगळं मिळालं होतं. ती नाव घेईल याची त्यानं वाटेतच तयारी केली होती. मी कशाला करीन, एका हाताच्या माणसाला जमंल का, असं म्हणायचं त्यानं ठरवून ठेवलं होतं. ते शब्द तोंडात तयार होते. तिनं नावच घेतलं नाही. ती त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. हाताची गळ्यातली झोळी सैल होऊन त्याचा हात लोंबत होता; तिनं जवळ येऊन, मुकाट्यानं, रोजच्यासारखी गाठ सोडून पुन्हा बांधली. हँडल मारून मारून तिच्या तळव्याचं कातडं निघालं होतं, ते त्याला आत्ता दिसलं.

"स्क्रू मी ढिला केला," तो म्हणाला.

"काय?"

"मी केला. सकाळी. ती म्हातारीपाशी हुती तवा."

वाऱ्यानं कुणाचं तरी जाकीट चिखलात फडफडत नेलं. ते धरायला कुणी हललं नाही.

"का?" आबांनी विचारलं.

हा प्रश्न येईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढी माणसं उभी होती. त्याला काहीतरी मोठं कारण हवं होतं आणि सापडेना.

"समदी तिलाच इचारत्यात," तो म्हणाला.

मागून कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच थांबलं. ते हसू चप्पल बसावी तसं त्याच्या कानाखाली बसलं. हिंदुराव आबा हसले नाहीत. ते चिखलात थुंकले आणि दुसरीकडं वळले.

"पोरी," ते बजाबाईला म्हणाले, "मी बोललो ते मागं घेतलं."

"मला कुणी पलीकडं नेतंय का?" गोजरबाई म्हणाली. ती लाँचवरून उतरलीच नव्हती. "तुमचं भांडण सावकाश करा. माजी पोरगी अडल्या."

वारा उतरला होता. मायाप्पाची लाँच दुरुस्तीला काठावर ओढलेली होती, दुसरी गाळात रुतलेली. बजाबाईनं पाण्याकडं बघितलं, आत आलेलं पाणी डब्यानं उपसून टाकलं, स्क्रूवर बोट ठेवून पुन्हा एकदा पाना फिरवला. मग काठावरच्या माणसांना म्हणाली, "येनारांनी या. मधी बसा, कडंला न्हाय."

कुणी हलेना. एक बाई पुढं आली, तिच्यामागं तिचा नवरा. मग सहा-सात जण चढले. मोटारसायकल घ्यायला तिनं नाही म्हटलं.

धनाजी सवयीनं मागून चढला आणि सुकाणूकडं निघाला. माणसांनी पाय मागं घेतले. वाट देण्यासाठी नव्हे. एकानं आपलं लेकरू उचलून मांडीवर घेतलं.

बजाबाई सुकाणूपाशी उभी होती.

"उतरा," ती म्हणाली.

"आगं, एकटीनं सुकाणू आन इंजिन…"

"उतरा तुमी. ही मानसं तुमच्याबरुबर यायची न्हाईत." जरा थांबून ती म्हणाली, "मी बी न्हाय."

तो उतरला. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. दोरी सोडायला दुसरं कुणी पुढं आलं नाही, ती त्यानंच डाव्या हातानं सोडली. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती; दातांनी ओढावी लागली. बजाबाईनं हँडल मारलं. लाँच मागं सरली, वळली आणि इंदापूरच्या दिशेनं लागली. पुढच्या फळीवर गोजरबाईचं पांढरं डोकं दिसत होतं.

काठावरची माणसं पांगली. धनाजी पाण्यातच राहिला. वीस वर्षांत त्यानं आपल्या लाँचचा आवाज काठावरून कधी ऐकला नव्हता. तो कान देऊन ऐकत होता. कुठं अडखळतंय का, कुठं दम लागतोय का. तिला काही होऊ नये म्हणून ऐकतोय, असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते खरंही होतं. पण मनाचा एक लहानसा कोपरा अजूनही त्या अडखळण्याची वाट बघत होता, आणि तो कोपरा कसा आवळायचा ते त्याला माहीत नव्हतं.

आवाज एकसारखा, स्वच्छ, लहान लहान होत गेला.